पिकअपचं स्टेअरिंग खटखटतंय? पार्ट बदलण्याआधी आवाज पकडा

केळीची कटाई जोरात असली की रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात पिकअपला उसंत मिळत नाही. ओल्या बागेतून माल भरायचा, काळ्या मातीचा गाडरस्ता तुडवत डांबरीला लागायचं आणि पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे खड्डे झेलायचे. कापसाच्या दिवसांत चोपडा, अमळनेर, धरणगावकडे हीच तऱ्हा. अशा वापरात कधी ना कधी स्टेअरिंग फिरवताना हाताला 'खट्' असा ठोका लागतोच. मग कुणी टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जोड) बदलायला सांगतो, कुणी बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळी-वाटीचा जोड), कुणी थेट स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचा फेर चाकांकडे नेणारी दात्यांची पेटी). पैसे जातात, ऐन भावात गाडी उभी राहून भाडं बुडतं आणि आवाज जिथल्या तिथे राहतो.

माझं म्हणणं एकच आहे. ज्या जोडातला प्ले (मोकळी हालचाल) हाताला लागला नाही किंवा डोळ्याला दिसला नाही, तो जोड बदलायचा नाही. स्टेअरिंगमधला ठोका म्हणजे दोन लोखंडी भागांमध्ये फट पडली आहे आणि दिशा बदलली की एक भाग दुसऱ्यावर आपटतो आहे. फट असेल तर हालचाल असणार, आणि हालचाल असेल तर ती सापडणार. त्यासाठी एक मदतनीस, जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), टॉमी (रेटायची लोखंडी कांब), टॉर्च, खडू आणि तासभर वेळ एवढं पुरतं.

आधी प्रश्न: आवाज कधी येतो?

"भाऊ, गाडी वाजस" एवढ्यावर कोणत्याच मिस्त्रीला काही कळत नाही. गाडीखाली जाण्याआधी ती स्वतः चालवून बघा. एकदा रिकामी, आणि जमलं तर एकदा माल भरून. काचा खाली, टेप बंद, डाल्यातली (मागच्या हौद्यातली) सुटी पहार, साखळी, स्टेपनी, जॅक सगळं बाजूला काढलेलं. डाल्यातला सुटा पाना पुढच्या चाकात काहीतरी तुटल्यासारखा वाजतो, म्हणून ही आवराआवर टाळू नका.

गाडी जागेवर उभी ठेवून नुसतं स्टेअरिंग डावी-उजवीकडे केल्यावर ठोका येत असेल, तर शोध बराच आवाक्यात येतो. स्टेअरिंग शाफ्टचे क्रॉस (शाफ्ट तिरका फिरू देणारे सांधे), बॉक्स किंवा रॅकचे (काही गाड्यांत बॉक्सऐवजी असणाऱ्या दात्यांच्या दांड्याचे) बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा हात), ड्रॅग लिंक (त्या हाताला चाकाशी जोडणारा दांडा) आणि टाय रॉड एंड हे पहिले संशयित. गाडी चालत असताना वळणावर एकदाच 'धप्' होत असेल, तर बॉल जॉइंट, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन), आर्मचे (चाक धरणाऱ्या हातांचे) बुश म्हणजे जोडातल्या नळ्या आणि पुढच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट बघायचे. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं, पण दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून गेली की वाजत नाही, असं असेल तर स्टॅबिलायझर बारची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक किंवा बुश हे बहुतेक वेळा कारण निघतं. कारण एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं तरच त्या दांड्याला पीळ पडतो.

ब्रेक मारल्याबरोबर एक ठोका आणि पुन्हा सुटताना दुसरा, याचा अर्थ वजन पुढे सरकताना काहीतरी मागेपुढे होतं आहे. त्यात आर्मचे बुश, पाट्याचा शॅकल (टोकाचा हलता दुवा) किंवा ढिले यू-बोल्ट येतात. बारीक खडखड चालू असताना ब्रेक पेडलवर नुसता पाय टेकवा. आवाज लगेच थांबला, तर स्टेअरिंग निर्दोष. ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना वाजत आहेत.

जे सापडेल ते कागदावर लिहा: रिकामी की भरलेली, कोणत्या बाजूला वळताना, थंड की तापलेली. गॅरेजमध्ये गाडी टाकणार असाल, तरी हा कागद तुमच्या कामाचा आहे.

स्वतःच्या गाडीखाली काय आहे ते बघा

आपल्याकडे बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, इंट्रा अशा गाड्या जास्त दिसतात, पण पुढची रचना मॉडेलनुसार बदलते. म्हणून नावावरून न ठरवता वाकून बघा. पुढे आडवा सरळसोट ॲक्सल आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाटे असतील, तर चाक किंगपिनवर वळतं. स्टेअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म, तिथून ड्रॅग लिंक आणि दोन चाकांना जोडणारा टाय रॉड अशी साखळी असते. प्रत्येक चाकाला वेगळे वर-खाली आर्म आणि स्प्रिंग असतील, तर किंगपिनऐवजी बॉल जॉइंट असतात आणि बऱ्याच गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक असते. तपासणीची रीत दोन्हींत एकच, फक्त हात ठेवायच्या जागा बदलतात.

जागा आणि सुरक्षितता

ही तपासणी फरशीवर किंवा सिमेंटच्या अंगणात करा. काळी माती वरून वाळलेली दिसली तरी खाली मऊ असते आणि भरवशाने लावलेला जॅक तिच्यात तिरका धसतो. शेतातच करायची वेळ आली, तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड रुंद फळी हवीच. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग काम एका मिनिटाचं का असेना.

गाडी आधी धुवून घ्या. चिखल सुकून जोडाभोवती घट्ट बसला की तो ढिला जोडही काही काळ धरून ठेवतो. शिवाय फाटलेलं रबर बूट (जोडावरचं आवरण), सुटलेली ग्रीस, बारीक तडा यातलं काहीच चिखलाखाली दिसत नाही.

पाना हाती घेण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांचे नट तपासा. पंक्चर काढल्यावर नीट न आवळलेले नट संथ वळणावर हुबेहूब स्टेअरिंगसारखे ठोके देतात. नटाच्या बुडाशी रिमवर चकाकी किंवा गंजाचे ओघळ दिसले, तर नट ढिले चालले आहेत हे नक्की. अशी गाडी पुढे एक किलोमीटरही नेऊ नका. नट काढून रिमची भोकं लांबट झाली आहेत का, स्टडचे आटे शाबूत आहेत का हे बघा आणि मगच आवळा.

उभ्या गाडीवरची तपासणी

निम्मी दुखणी इथेच सापडतात, म्हणून या भागाला घाई नको. चाकं जमिनीवरच राहू द्या. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, साधं असेल तर बंद, पण चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक सुटलेलं असू द्या. मदतनीसाला सांगा की स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं नाही. घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत, लयीत, डावं-उजवं, डावं-उजवं. तुम्ही 'थांब' म्हटलं की थांबायचं. इंजिन चालू असेल तर पट्टा आणि पंखा यांच्या जवळ हात किंवा उपरण्याचं टोक जाऊ देऊ नका.

सुरुवात केबिनमधून. पेडलच्या वर, कॉलम जिथून खाली उतरतो तिथला क्रॉस हातात धरा. क्रॉसच्या वरचा भाग फिरला आणि खालचा जरा उशिरा फिरला, तर तुमचा आवाज तिथेच आहे. शाफ्टच्या सांध्यांवर खडूने आडवी रेघ मारली तर हे अधिक स्पष्ट कळतं: रेघ अखंड राहायला हवी, दिशा बदलताना तुटून दिसायला नको. क्रॉसचा क्लॅम्प बोल्ट ढिला असणं हा सगळ्यात स्वस्तातला दोष आहे आणि तो वरचेवर सापडतो.

मग बॉनेटखाली किंवा चाकाच्या कमानीतून स्टेअरिंग बॉक्स बघा. एक हात बॉक्सवर आणि एक हात चॅसीवर ठेवा. स्टेअरिंग हलताना बॉक्स चॅसीच्या तुलनेत जरासाही हलता कामा नये. बोल्टच्या डोक्याभोवती टॉर्च मारा. तिथे विटकरी रंगाची बारीक भुकटी आणि वॉशर सरकून घासलेली चकचकीत चंद्रकोर दिसली, तर बोल्ट बरेच दिवस हलत आहेत. बोल्ट घट्ट असूनही बॉक्स हलत असेल, तर ब्रॅकेटला किंवा चॅसीच्या पट्टीला तडा गेला आहे का ते बारकाईने शोधा. घाटात भरलेली गाडी वापरणाऱ्यांनी, चांदसैली किंवा तोरणमाळकडे जाणाऱ्यांनी विशेषतः, ही जागा दर सर्व्हिसिंगला बघावी.

रॅक असेल तर तिचे क्लॅम्प आणि रबर बुश हेच काम करतात. रॅकचा नळकांड्यासारखा भाग डावी-उजवीकडे सरकत असेल, तर बुश संपले. रॅकच्या टोकांचे रबरी बेलो दाबून आतला जोड बोटांनी चाचपता येतो.

बॉक्सवाल्या गाडीत आता पिटमन आर्म. बॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट आणि आर्म यांच्यावर एकच खडूची रेघ मारा. शाफ्ट आधी आणि आर्म नंतर फिरत असेल, तर मोठा नट ढिला आहे किंवा दोघांना जोडणारे दाते झिजले आहेत. नट आवळून तात्पुरतं थांबेल, पण झिजलेल्या दात्यांचा आर्म बदलावाच लागतो.

शेवटी ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे एंड, एकेक करून. अंगठा एंडच्या गोल घरावर आणि तर्जनी ज्या आर्ममध्ये तो बसला आहे त्या आर्मवर ठेवा, म्हणजे दोन्ही बोटं फटीच्या दोन काठांवर येतात. हात चिमटेल अशा जागी, चाक आणि आर्मच्या मध्ये मात्र बोट नको. चांगल्या जोडात दोन्ही बोटं एकत्र सरकतात. ढिल्या जोडात आधी एक सरकतं, क्षणभर काही नाही, मग दुसरं झटक्यात मागून येतं आणि नेमकं तेव्हाच बोटाच्या टोकाला 'टक्' लागतं. तो 'टक्' आणि वर केबिनमधला 'खट्' एकाच वेळी आला, की शंका उरत नाही. चारही एंड तपासल्याशिवाय उठू नका, कारण एक सापडला म्हणून दुसरा चांगला असतो असं नाही.

इथेच रबर बूटही बघून घ्या. कापूस उपटून झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांच्या खुंटांवरून गाडी गेली की हे बूट फाटतात. आत ग्रीसऐवजी माती जाते, आणि एरवी बराच टिकणारा जोड एका हंगामात संपतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 98 नुसार स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असणं आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असणं बंधनकारक आहे. त्याच नियमात स्टेअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. 40 सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे घेरावर साधारण 10 सेंटीमीटर होतात. ही कायद्याची शेवटची हद्द आहे, चांगल्या गाडीचं माप नाही. चाकं सरळ असताना दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त मोकळा फेर असेल, तर कारण शोधायला लागा.

चाक उचलून

आता एक बाजू उचला. सरळ ॲक्सल असेल तर जॅक ॲक्सलखाली. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ. जॅक चॅसीखाली लावला तर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटवर तसाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. घोडी लावली की चाकाला हात घाला.

हात तीन आणि नऊवर ठेवून चाक आत-बाहेर हलवा. इथला प्ले बहुधा टाय रॉडचा किंवा रॅकचा. मग बारा आणि सहावर. इथला प्ले बेअरिंगचा असू शकतो, किंगपिन किंवा बॉल जॉइंटचाही असू शकतो. फरक ओळखायला मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. बऱ्याच गाड्यांत पुढचं बेअरिंग नटाने ॲडजस्ट करता येतं. तिथे आधी बेअरिंग नीट करून घ्या आणि मग उरलेला प्ले मोजा.

किंगपिनसाठी चाकाखाली टॉमी घालून चाक वर उचलून बघा. वर-खाली हालचाल म्हणजे खालचं थ्रस्ट (वजन पेलणारं) बेअरिंग किंवा शिम (फट भरणारी पातळ चकती), आणि बारा-सहावरची हालचाल म्हणजे बुश. बॉल जॉइंटलाही टॉमीची हीच युक्ती चालते, पण रबर बूटवर टॉमी टेकवू नका. आर्मचे बुश टॉमीने हलकेच रेटून बघा. रबराला थोडी लवचिकता असतेच, पण लोखंडाला लोखंड लागलं किंवा रबर नळीपासून सुटून फिरू लागलं, तर बुश संपला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. डांबराच्या धगीत जुनं रबर कडक होऊन चिरा पडतात, त्यामुळे टॉर्च जवळ नेऊनच बघा.

पुढचे पाटे असतील तर

आमच्याकडच्या भरलेल्या गाड्यांत हा भाग सगळ्यात दुर्लक्षित राहतो. यू-बोल्ट ढिले झाले की ॲक्सल पाट्यावर सरकतो, ब्रेकला आणि वळणाला 'धप्' वाजतो, आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढतं. सगळे म्हणतात अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करा. यू-बोल्टच्या बुडाशी चकाकी, पाट्यांमधून निघालेली गंजाची भुकटी, सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं जागेवर आहे का, हे सगळं बघा. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून (टोकाच्या गोल वळीपासून) ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेपने माप घ्या. डावं-उजवं माप जुळलं नाही, तर सेंटर बोल्ट तुटल्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी यू-बोल्ट नुसते आवळून उपयोग नाही, पाटा उतरवावा लागतो.

शॅकलच्या पिना आणि बुश मदतनीसाने स्टेअरिंग हलवताना व गाडी वर-खाली दाबताना बघा. पिना कोरड्या पडल्या असतील तर आधी ग्रीस मारा आणि गाडी चालवून या. ग्रीसने आवाज पूर्ण गेला आणि बरेच दिवस गेलेला राहिला, तर ठीक. दोन दिवसांत परत आला, तर बुश झिजलेला आहे आणि ग्रीसने तो फक्त दबला होता.

फसवणारे आवाज

गिअर टाकल्यावर किंवा क्लच सोडताना येणारा 'खट्' स्टेअरिंगचा नसतो. प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा इंजिन माउंटिंग तपासा. पुढचीही चाकं ओढणाऱ्या गाडीत वळणावर चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी 'टक-टक-टक' असेल, तर ॲक्सलचा जॉइंट. शॉक ॲब्सॉर्बरचे बुश बारीक खड्ड्यांवर खुळखुळतात, पण जागेवर स्टेअरिंग फिरवल्यावर गप्प असतात. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर शेवटी लागणारा एक ठोका स्टॉपरचा, तो असायचाच.

गाडी लगेच उभी करायची वेळ

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड घरातून निसटू लागला असेल, बॉक्सच्या बोल्टजवळ तडा असेल, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन) नसेल, सेंटर बोल्ट तुटला असेल किंवा स्टेअरिंग मध्येच अडकत असेल, तर माल उतरवा आणि गाडी टो करून न्या. भाव पडेल, माल पिकेल, हे मला ठाऊक आहे. पण सुटलेला टाय रॉड म्हणजे एक चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. महामार्ग 53 वर समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसांचाही त्यात जीव जातो.

बदलताना

झिजलेला एंड तापवून, ठोकून, वेल्डिंगचा टाका मारून घट्ट करून देणारे आहेत. स्टेअरिंगच्या कोणत्याही भागावर हे करू देऊ नका. तापवल्याने लोखंडाचा कस जातो आणि तो भाग न सांगता तुटतो.

जुना टाय रॉड एंड काढण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा आणि नवा तितकाच बसवा, म्हणजे अलाइनमेंट करणाऱ्याकडे जाईपर्यंत गाडी सरळ चालेल. अलाइनमेंट मात्र करायचीच. खाचा असलेला नट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा आणि पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत घट्ट करा, कधीही मागे सैल करून जुळवू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी. आर्मच्या आणि पाट्यांच्या रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तोही बाकी सर्व जोड चांगले ठरल्यावरच. बॉक्सचे दाते चाकं सरळ असताना मधोमध सर्वांत घट्ट असतात, म्हणून ॲडजस्टमेंट त्याच जागी होते. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही आणि आतले दाते खाल्ले जातात. एअरबॅग असलेल्या गाडीत शाफ्ट काढायचा असेल, तर बॅटरीची वायर काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबा आणि स्टेअरिंग लॉक करूनच शाफ्ट सोडवा. नाहीतर स्टेअरिंग व्हीलखालची वायरची गुंडाळी तुटते.

किंगपिनला ग्रीस मारताना ॲक्सल जॅकवर उचलून घ्या. वजन सुटल्यावरच ग्रीस थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचते. निप्पल पुसून, जुनी काळी ग्रीस बाहेर येऊन नवी दिसेपर्यंत मारा. पावसाळ्यात ओल्या बागांतून चालणाऱ्या गाडीला हे दर काही आठवड्यांनी हवं. नवे यू-बोल्ट आणि चाकाचे नट पहिल्या 100 किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि त्या दिवशी जागेवरची डावी-उजवी चाचणीही पुन्हा करा.